वस्ती १८० मीटरवर असताना दगडखाणीचा अर्ज

प्रश्न असा आला आहे: माण तालुक्यात आमची १ हेक्टर ३१ आर माळाची जमीन आहे, लांबीला साधारण १३१ मीटर, रुंदीला १००. खाली काळा पाषाण आहे असं सगळे सांगतात. सातबाऱ्यावर वडील, दोन चुलते आणि एक आत्या. पश्चिमेच्या अरुंद बाजूला १८० मीटरवर आठ-दहा घरांची वस्ती, पलीकडे एकाची डाळिंबाची बाग. ४०० मीटरवर दुसऱ्या एकाची ३ हेक्टर ८० आरची खाण चालू आहे. सुरुंग लावून दगड काढायचा आणि पुढं क्रशर टाकायचा विचार आहे. लायसन्सचा अर्ज कुठं आणि कसा करायचा? एक जण म्हणतो, तीन महिन्यांत काढून देतो, अर्धे पैसे आधी द्या.

आधी त्या तीन महिन्यांवाल्याचं बोलू. त्याला आगाऊ काही देऊ नका. तीन महिन्यांत फार तर तात्पुरत्या परवान्याच्या कागदापर्यंत पोहोचता येतं. तो ठरावीक ब्रासचा आणि ठरावीक मुदतीचा असतो, आणि त्याच्या भरवशावर क्रशर टाकणं म्हणजे भाड्याच्या घराला स्लॅब घालण्यासारखं. तुम्हाला हवा आहे तो खाणपट्टा, म्हणजे ठरलेल्या क्षेत्रातून वर्षानुवर्षं दगड काढायचा सरकारी भाडेपट्टा. माझ्या हातून गेलेल्या सरळ फायलींनासुद्धा वर्षाच्या आसपास वेळ लागला आहे. जिथं घरचीच सही अडली तिथं दोन वर्षंही गेली.

मी साताऱ्यात हेच काम करतो. आधी खाणीवर फोरमन होतो, नंतर खाण आराखडे आणि परवानग्यांचं काम धरलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात अडते असं लोक म्हणतात, पण ती बहुतेक वेळा जागेवरच अडलेली असते, फक्त कळतं कार्यालयात. म्हणून अर्ज भरण्याआधी महिनाभर स्वतःच्या जमिनीला नापास करायचा प्रयत्न करा. त्यातूनही ती पास झाली तर अर्ज सोपा आहे.

तुमच्याच आकड्यांवर बोलतो. वस्ती १८० मीटरवर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दगडखाणींसाठी जी अंतरं सुचवली, त्यात सुरुंग लावणाऱ्या खाणीला वस्तीपासून आणि सार्वजनिक रस्त्यापासून २०० मीटर, बिनसुरुंगाच्या खाणीला १०० मीटर आहेत. पर्यावरण मंजुरीची समिती हाच आकडा समोर ठेवते आणि उपग्रह नकाशावर तुमच्या देखत मोजते. तुम्ही सगळा गट मागितलात तर पहिल्याच बैठकीत प्रश्न येणार.

दुसरा काटा दिसत नाही, पण जास्त बोचतो. ४०० मीटरवरची ती खाण. दोन पट्ट्यांच्या हद्दींमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते एका समूहात धरतात, ज्याला सगळे क्लस्टरच म्हणतात, आणि क्षेत्राची बेरीज होते. त्यांचं ३.८० आणि तुमचं १.३१, म्हणजे ५.११ हेक्टर. पाचाची रेघ ओलांडली की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा पूर्ण अहवाल आणि जनसुनावणी मागे लागते. एक हेक्टराच्या खाणीला तो खर्च आणि तो काळ परवडत नाही. (जुन्या काही पट्ट्यांना या बेरजेतून सूट आहे, म्हणून शेजाऱ्याचा पट्टा कधीचा आणि त्याला पर्यावरण मंजुरी कधी मिळाली हे खनिकर्म शाखेत विचारून घ्या.)

आता हे दोन्ही काटे एकाच कापात निघतात. वस्तीच्या बाजूची ३१ मीटरची पट्टी सोडा. उरतो १०० बाय १०० चा चौकोन, म्हणजे बरोबर १ हेक्टर. वस्ती २११ मीटरवर जाते, बेरीज ४.८० वर येते. सोडलेली पट्टी वाया जात नाही. तिथं झाडं लावा. हिरवा पट्टा तुम्हाला दाखवावाच लागतो, आणि पश्चिमेकडं वस्ती असताना तो तिथं असणं शोभतंही. मात्र १८० हा आकडा पायानं मोजलेला असेल तर त्यावर काही बांधू नका. आधी मोजणी.

मोजणी म्हणजे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतलेला नकाशा, क प्रत. खासगी सर्व्हेअरचा अक्षांश-रेखांशांचा नकाशा पुढं लागतोच, पण हद्दीचा वाद निघाला की क प्रतच बोलते. मोजणीच्या दिवशी शेजारचे सगळे खातेदार हजर राहतील असं बघा. त्या दिवशी बांधावर जे भांडण होतं ते स्वस्तात मिटतं.

सातबारा बघताना नावांच्या खाली, इतर हक्काच्या रकान्यात जा. भोगवटादार वर्ग २ (व्यवहाराला सरकारी परवानगी लागणारी जमीन) आहे का, देवस्थान किंवा वतनाची जमीन आहे का, पुनर्वसनाचा शेरा आहे का, खासगी वनाची, वन कायद्याच्या कलम ३५ ची नोंद आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का. कलम ३५ ची नोंद दिसली तर तिथंच थांबा आणि वन विभागाकडून स्पष्टता येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. माणमध्ये तुम्हाला पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची कटकट नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाईच्या पट्ट्यात किंवा तिकडं शिराळ्यात असतात तर पहिला प्रश्न तोच असता. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या आदेशात स्पष्ट सांगितलं. कोयना, चांदोली, सागरेश्वर यांच्या कडेच्या गावांतले लोक अजून विचारायला येतात, म्हणून लिहिलं.

वाट. यावर मी स्वतः मार खाल्ला आहे. खटावकडची एक फाईल होती. दगड उत्तम, कागद स्वच्छ, गावाचा विरोध नाही. सगळ्या मंजुऱ्या हातात आल्या आणि पहिला डंपर निघाला त्या दिवशी शेजाऱ्यानं वाटेवर नांगर घातला. वर्षानुवर्षं बैलगाडी जात होती म्हणून मी ती वाट धरून चाललो होतो, नकाशावर ती नव्हतीच. आठ महिने गेले. बांधावरून शेताला रस्ता मिळवण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, पण तो रस्ता शेतीसाठी, डंपरसाठी नव्हे. तेव्हा तुमचा माळ गाव नकाशातल्या शिवरस्त्याला किंवा पाणंदीला लागतो का बघा. लागत नसेल तर मधल्या खातेदाराकडून रस्त्याचा नोंदणीकृत करार आधी घ्या. मंजुरी मिळाल्यावर त्या वाटेची किंमत तिप्पट होते.

दगडाचं बघू. ‘सगळे सांगतात’ हा पुरावा नव्हे. आपल्याकडचा काळा दगड लाव्हाच्या एकावर एक थरांचा. एका थराचा मधला भाग घट्ट, घणाला खणखणणारा. वरचा भाग बुडबुड्यांचा, पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेला, तो खडीला हलका. आणि दोन थरांच्या मधे कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा येतो. वरून पाहून यातलं काही कळत नाही. सगळ्यात स्वस्त तपास म्हणजे आजूबाजूच्या पाच-सहा जुन्या विहिरींत वाकून बघणं. न बांधलेल्या विहिरीची भिंत म्हणजे उघडं पुस्तकच. मुरूम किती फुटांवर संपतो, घट्ट पाषाण कुठून कुठपर्यंत, तांबडं कुठं दिसतं, हे टेप सोडून लिहून घ्या, फोटो काढा. मग स्वतःच्या जागेत दोन-तीन बोअर घ्या आणि दर पाच फुटांची भुकटी पिशवीत भरून ठेवा. दगडाचे नमुने कराडच्या शासकीय अभियांत्रिकी किंवा सांगलीच्या वालचंदसारख्या कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून घ्या. आघात मूल्य (ठोके बसल्यावर दगडाचा किती चुरा होतो) आणि पाणी शोषण हे दोन आकडे पुरेत. रस्त्याच्या ठेकेदाराला तुमचा दगड चालणार की नाही, ते यातून कळतं. रस्त्याच्या वरच्या थराच्या काँक्रीटला आघात मूल्य ३० टक्क्यांच्या आत लागतं, साध्या काँक्रीटला ४५ पर्यंत चालतं.

दगड किती निघेल याचा हिशेब तर जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, १८ मीटर खोल गेलो तर १,८०,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे साडेत्रेसष्ट हजार ब्रास, असं लोक चहाच्या टपरीवर मांडतात आणि त्यावर क्रशरचं कर्ज काढतात. खाणीत तसं होत नाही. हद्दीपासून चारी बाजूंनी ७.५ मीटर सोडावे लागतात, म्हणजे उरला ८५ बाय ८५ चा चौकोन. खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खाली न्यावी लागते; घट्ट खडकात पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. म्हणून दुसरी पायरी ७३ बाय ७३, तिसरी ६१ बाय ६१. प्रत्येकी ६ मीटर धरून बेरीज येते ९७,६५० घनमीटर, म्हणजे साधारण ३४,५०० ब्रास. निम्म्यापेक्षा थोडं जास्त. त्यातून वरचा मुरूम आणि कच्चा थर वजा करा. मग ठरवा क्रशर स्वतःचा टाकायचा की डबर, म्हणजे खडी न केलेला मोठा दगड, शेजारच्याला विकायचं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं क्रशर नको. क्रशर त्याच गटात बसवायचा तर अकृषिक वापराचं काम वेगळं, प्रदूषण मंडळाची संमती वेगळी, वीज जोडणी वेगळी. शिवाय धुळीचं प्रमाण यंत्रापासून ३ ते १० मीटरवर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावं लागतं.

आणि इथं एक माणदेशी अडचण आहे. धूळ बसवायला पाणी लागतं. समिती विचारते, पाणी कुठून आणणार? ‘बोअर’ असं उत्तर दिलंत तर दुष्काळी तालुक्यात पुढचे दहा प्रश्न येतात. पहिल्या वर्षी टँकरचा करार, नंतर खाणीच्या तळाच्या खड्ड्यात साठणारं पावसाचं पाणी, असं आराखड्यात आधीच लिहा.

हे सगळं जुळलं की अर्ज. जमीन तुमची असली तरी महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खालचा दगड सरकारचा, म्हणून तो काढायचा पट्टा सरकार देणार. दगड, मुरूम, वाळू यांना गौण खनिज म्हणतात, आणि नियम आहेत महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३. अर्ज साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत. सोबत सातबारा, आठ अ, फेरफार, क प्रत, गट नकाशा, सगळ्या सहहिस्सेदारांचं नोंदणीकृत संमतीपत्र, ग्रामसभेचा ठराव, थकबाकी नसल्याचा दाखला, फी भरल्याचं चलन. अर्ज तिथून प्रांत आणि तहसीलदारांकडे उतरतो, आणि मंडळ अधिकारी व तलाठी जागेवर येऊन पंचनामा करतात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून भाऊसाहेबच.) त्या पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि वस्ती, विहिरी, रस्ता, विजेची लाईन, पाझर तलाव यांची अंतरं टेपनं मोजायला लावा. अंदाजे लिहिलेलं ‘सुमारे १५० मी.’ फाईलला शेवटपर्यंत चिकटतं.

जिल्हा सर्वेक्षण अहवालात, म्हणजे जिल्ह्यात कुठं कोणतं गौण खनिज आहे याच्या सरकारी अहवालात, तुमचं ठिकाण आहे का, हे त्याच शाखेत विचारा. पर्यावरण मंजुरीचा पाया तो अहवाल आहे. त्यात गट नसेल तर पुढच्या सुधारित अहवालात घालून घेण्यासाठी वेगळं पत्र द्यावं लागेल. मला वाटतं, नव्या अर्जदारांची सगळ्यात जास्त महिने खाणारी गोष्ट हीच, आणि सांगत कुणी नाही.

सगळं अनुकूल असेल तर इरादापत्र मिळतं. लोक त्यालाच परवाना समजून पेढे वाटतात. इरादापत्र म्हणजे ‘बाकीचं आणलंत तर देऊ’. मग मान्यताप्राप्त व्यक्तीकडून खाण आराखडा करून तो भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडून मंजूर करून घ्यायचा, आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्ज टाकायचा. २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजालाही ही मंजुरी लागेल असं म्हटलं. त्याआधीच्या काळातले अनुभव सांगणाऱ्या काकांचं म्हणून फार ऐकू नका. मधली काही वर्षं लहान पट्ट्यांची मंजुरी जिल्हा पातळीवर मिळायची. हरित लवादाच्या २०१८ च्या आदेशानंतर ते बदललं, आता पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या राज्य प्राधिकरणाकडे जावं लागतं. बैठकीला सल्लागार बोलतो, पण तुम्हीही जा. आपल्या जमिनीची अंतरं तोंडपाठ असलेल्या मालकाला समिती कमी छळते.

मंजुरीनंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि मग चालवण्याची संमती, पट्ट्याचा करार आणि त्याची नोंदणी, हद्दीचे खांब, महाखनिज प्रणालीवर खातं. तिथून निघालेल्या ई-पासशिवाय एकही गाडी बाहेर काढू नका. विनापरवाना दगडाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, गाडी अडकते ती वेगळीच. स्वामित्वधन (रॉयल्टी) २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये, त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के. भरताना चालू दर एकदा तपासा. आणि घट्ट ब्रास व सुट्या ब्रासचा गोंधळ करू नका. खडक फुटला की फुगतो, एकाचे जवळजवळ दीड होतात. पास निघतात सुट्या मालाचे, आणि मोजणीला येणारे लोक यंत्र लावून मोजतात तो खड्डा. दोन्ही नोंदी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा.

सुरुंगाचं थोडक्यात. सहा मीटरपर्यंतच खोल, पन्नासपर्यंतच माणसं आणि सुरुंग नाही, अशा तिन्ही अटी पाळणाऱ्या दगडखाणीलाच १९५२ च्या खाण कायद्यानं मोठी सूट दिली होती. तुमचा विचार सुरुंगाचा आहे, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाला काम सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी नोटीस, पात्र फोरमन आणि ब्लास्टर, कामगारांचं प्रशिक्षण हे सगळं आलं. स्वतःचं स्फोटकांचं कोठार बांधायच्या भानगडीत पडू नका. पेसोचा (स्फोटकांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) परवाना असलेल्या कोठारवाल्याशी करार करा, त्यांची गाडी आणि त्यांचा ब्लास्टर येतो. ट्रॅक्टर कॉम्प्रेसरवर भोकं पाडून ‘आमचा माणूस भरतो’ म्हणणाऱ्याला हद्दीतसुद्धा घेऊ नका. वस्ती २११ मीटरवर आहे. तिथल्या साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा कमी कंपनसंख्येला सेकंदाला ५ मिलिमीटर धरतात. म्हणजे एका वेळी थोडी भोकं, मधे विलंब ठेवून. ब्रेकर लावून बिनसुरुंगाचं काम केलं तर यातली बरीच डोकेदुखी जाते, पण डिझेल धरता ब्रासमागं खर्च चढतो. एकदा त्याचंही गणित मांडा.

काम सुरू होण्याआधी वस्तीतल्या प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, मालकाची सही घ्या. ५०० मीटरच्या आतल्या विहिरींचं पाणी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर मोजून ठेवा. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी या जिल्ह्यात अजून सांगितल्या जातात. भांडं हललं तरी लोक उठून बाहेर येतात, त्यात त्यांची चूक नाही. भिंतीला तडा आधीचा की नंतरचा, हा वाद तुम्ही तोंडानं जिंकणार नाही. बागवाल्याचं तर आधीच जाऊन ऐका. फुलोऱ्याच्या दिवसांत डाळिंबावर धूळ बसली तर त्याचं वर्ष जातं. तो चिडून ग्रामसभेत उभा राहिला तर तुमचा ठराव अडतो. एका गावात आम्ही बागेच्या बाजूला जाळी लावून दिली आणि बहर धरायच्या काळात तिकडची वाहतूक बंद ठेवायचं लेखी दिलं. ठराव मिळाला, पुढं त्या बागवाल्यानंच खडी नेली.

आता लगेच करायच्या दोनच गोष्टी. मोजणीचा अर्ज भरा. आणि आत्यांना फोनवर विचारू नका, वडिलांना घेऊन जाऊन या. संमतीपत्रावर त्यांचा वाटा, मिळकतीतली टक्केवारी आणि खाण संपल्यावर खड्ड्याचं काय करायचं हे लिहिलेलं असू द्या. त्या सहीच्या बदल्यात कुणाला किती मिळणार हे आत्ता ठरवलंत तर चुलत्यांशीही बोलणं सोपं जाईल. क प्रत आणि विहिरींची मापं हातात आली की अंतरं पुन्हा लिहून पाठवा, ३१ मीटरची पट्टी पुरते की अजून सोडावी लागेल ते त्यावर सांगतो.